देवमाशाच्या दारी उमेदवारी

२०१६ सालच्या जानेवारीअखेरीस जुहूच्या चौपाटीवर एक मेलेला देवमासा वाहून आला. ब्राइड्‌स व्हेल या जातीचा, लांबीला तीस फुटांच्या वर. दुसऱ्या दिवशी अंधेरी-विलेपार्ल्याकडून माणसांची रीघ लागली. आईबाप मुलांना खांद्यावर घेऊन आले, कॉलेजची पोरे तास बुडवून आली. वास सुटला होता, तरी नाकाला रुमाल लावून लोक देवमाशाकडे पाठ करून उभे राहत होते. कारण मोबाइलवर स्वतःचा फोटो काढायचा तर ज्याला पाहायला आलो त्याच्याकडे पाठच करावी लागते. अखेर वाळूत मोठा खड्डा खणून त्याला पुरले आणि चार दिवसांत मुंबई ते सारे विसरूनही गेली.

बातम्यांतली ती चित्रे पाहताना माझी नजर मात्र गर्दी ओलांडून आतल्या रिंगणाकडे जात होती. तिथे मोजकी माणसे मोजमाप करीत होती. लांबी किती, जात कोणती, अंगावर जखमा कुठे, मरून किती दिवस झाले असतील, असे साधेसुधे प्रश्न आणि त्यांची उत्तरे लिहायला एक वही. मी तीस-बत्तीस वर्षे बँकेत काढली. भोवताली गोंगाट चालू असताना खाली मान घालून नोंद करणारा माणूस दिसला की मला तो आपल्या जातीचा वाटतो. त्या दिवसापासून मनात एक प्रश्न राहिला. ही माणसे तयार कुठे होतात? देवमाशाची लांबी कशी मोजायची हे त्यांना कोण शिकवते?

त्याचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर इंटर्नशिप. हा शब्द आता घरोघरी पोचला आहे. मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला गेली की जेवणाच्या टेबलावर तो हमखास येतो. पण आपल्याकडे याच गोष्टीसाठी फार जुना आणि सुरेख शब्द होता, उमेदवारी. आज तो निवडणुकीच्या अर्जापुरता उरला आहे. आमच्या आजोबांच्या पिढीत कोकणातला मुलगा मुंबईला यायचा, कुणा नातेवाइकाच्या ओळखीने एखाद्या कचेरीत किंवा पेढीवर बसायचा, पगार नसायचा, हाताखाली काम शिकायचा आणि जागा रिकामी झाली की चिकटायचा. त्याला म्हणत उमेदवारी करणे. त्या शब्दात उमेद आहे. इंटर्नशिप या शब्दात ती मला ऐकू येत नाही.

बँकेत लागलो तेव्हा माझीही एक प्रकारची उमेदवारी झाली. पगार मिळत होता, एवढाच फरक. घाटकोपरच्या शाखेत लेजरची बेरीज हाताने जुळवायचे ते दिवस होते. तिथल्या हेडक्लार्कनी मला पहिल्या महिन्यात एक गोष्ट शिकवली. दर तिमाहीला वरच्या कचेरीत तऱ्हेतऱ्हेची पत्रके पाठवावी लागत. अमुक प्रकारचे गैरव्यवहार किती, अमुक प्रकारच्या तक्रारी किती. आमच्या शाखेत काहीच घडलेले नसे. मी म्हटले, ‘मग पत्रक पाठवायचे कशाला?’ ते म्हणाले, ‘अहो, काही नाही म्हणून कळवायचे. निरंक लिहायचे आणि सही करायची. पत्रक गेलेच नाही तर वरच्याला कसे कळणार, की काही घडले नाही, की तुम्ही बघितलेच नाही?’

निरंक आणि कोरे पान यांतला हा फरक मला पुढे नोकरीत अनेकदा उपयोगी पडला. पण तो देवमाशांच्या बाबतीतही तितकाच खरा आहे, हे कळायला निवृत्ती यावी लागली.

२०१५ सालच्या उन्हाळ्यात सिंधुदुर्गात, देवगडजवळच्या कुणकेश्वरसमोरच्या समुद्रात निळे देवमासे दिसले. पृथ्वीवर आजवर झालेला सर्वांत प्रचंड प्राणी तो हाच. ते टिपले कोकण सिटेशियन रिसर्च टीम या तरुण संशोधकांच्या गटाने. सिटेशियन म्हणजे देवमासे, डॉल्फिन यांचे कुळ. शंभर वर्षांनी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर निळ्या देवमाशाचे दर्शन, अशा मथळ्यांनी वर्तमानपत्रांनी ती बातमी दिली. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक चाळीस फुटांवरचा निळा देवमासा जिवंत लागला. गावकऱ्यांनी आणि वन खात्याने खटपट केली, पण तो वाचला नाही.

शंभर वर्षांनी दिसला, या वाक्याकडे हेडक्लार्कच्या नजरेने पाहा. मधल्या शंभर वर्षांत तो आलाच नव्हता की कुणी पाहायला गेले नव्हते? आपल्या किनाऱ्याच्या खतावणीतली ती शंभर पाने निरंक आहेत की कोरी? बहुतेक कोरीच. मासेमारी करणाऱ्यांना समुद्रात काय काय दिसत असेल, पण त्यांना कुणी विचारले नाही आणि विचारले असेल तर कुणी लिहिले नाही. संशोधकांचा तो गट तिथे नाव घेऊन फिरत होता तोही निळ्या देवमाशासाठी नव्हे. किनाऱ्याजवळ राहणाऱ्या डॉल्फिनचा, ज्याला आपले कोळी बांधव गादा म्हणतात त्याचा, अभ्यास त्यांनी मांडला होता. रोज ठरल्या वेळी, ठरल्या रेषेवर जायचे आणि दिसेल ते लिहायचे. असे जाणारे कुणी होते, म्हणून देवमासा आला तेव्हा त्याची नोंद झाली.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते हे ऐकले तर पुष्कळांचा उत्साह ओसरेल. पहाटे उठायचे. मच्छीमाराची नाव ठरवलेली असते. नावेच्या दोन्ही अंगांना एकेकाने बसायचे, आपापला समुद्राचा तुकडा वाटून घ्यायचा आणि डोळे लावून बसायचे. ठरावीक वेळाने लिहायचे : वेळ, नाव कुठे आहे, वारा, लाटा, पाण्यावर चकाकी किती, मासेमारीच्या नावा किती. प्राणी दिसला तर अंतर, दिशा, संख्या, पिल्लू आहे का, काय करीत होता. दिसला नाही तर तेही. दुपारी परत येऊन अंघोळीआधी सगळे कॉम्प्युटरवर चढवायचे, कारण उद्यावर टाकलेली नोंद बिघडते. बँकेतल्या दिवसअखेरीहून हे फारसे वेगळे नाही. फक्त आमच्या काउंटरला हेलकावे नव्हते.

दुसरे काम फोटो ताडून पाहण्याचे. गाद्याच्या पाठीवरचा पर, त्याच्या कडा, त्यावरचे जुने व्रण प्रत्येकाचे वेगळे. हंपबॅक जातीच्या देवमाशाची ओळख पटते ती शेपटीच्या खालच्या बाजूवरच्या काळ्या-पांढऱ्या नक्षीवरून. अमेरिकेत मेन राज्यातल्या एका छोट्या कॉलेजात १९७२ साली ‘अलाइड व्हेल’ नावाचा उपक्रम सुरू झाला. उत्तर अटलांटिकमधल्या हंपबॅक देवमाशांच्या शेपट्यांची नोंदवही तिथे ठेवली जाते आणि तिथले विद्यार्थी नवा फोटो आला की तो जुन्या फोटोंशी ताडून पाहतात. मला तर ही बँकेची नमुना सहीच वाटते. चेक आला की कार्ड काढायचे आणि सही जुळते का पाहायची. याच पद्धतीने एका मादीची गोष्ट उजेडात आली. १९९९ साली ब्राझीलच्या समुद्रात टिपलेली ती शेपटी २००१ साली मादागास्करजवळ एका पर्यटकाने काढलेल्या फोटोत सापडली. मधले अंतर ९,८०० किलोमीटरहून अधिक. आपल्या अरबी समुद्रातले हंपबॅक तर जगावेगळेच आहेत. जगातले बाकीचे हंपबॅक थंड समुद्रांकडे जातात-येतात, हे मात्र बारा महिने इथलेच रहिवासी. ओमानच्या किनाऱ्यावरच्या अभ्यासातून त्यांची संख्या शंभराच्याही आत असावी, असे दिसते. २०१७ साली ओमानमध्ये त्यांतल्या एका मादीला उपग्रहाला खूण पाठवणारे यंत्र लावले गेले. तिच्या शेपटीवरची नक्षी धुपाच्या झाडासारखी दिसते, म्हणून तिचे नाव लुबान. ती समुद्र आडवा ओलांडून सरळ आपल्या पश्चिम किनाऱ्याशी आली. म्हणजे जुहूला आपण सूर्यास्त बघत उभे असतो, त्या पाण्यापलीकडून ही मंडळी शेजारधर्म पाळून ये-जा करीत असतात.

हीच नमुना सहीची विद्या आपल्या बोरिवलीच्या जंगलातही चालते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. त्यात बिबटे किती, यावर उपनगरांत वर्षानुवर्षे नुसत्या गप्पा चालत. २०१५ साली देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचा विद्यार्थी निकीत सुर्वे याने पदव्युत्तर प्रबंधासाठी जंगलात स्वयंचलित कॅमेरे लावले आणि अंगावरच्या ठिपक्यांवरून बिबटे ओळखून मोजले. संख्या आली ३५. पुढे २०१८ च्या गणनेत ती ४७ झाली. लक्षात घ्या, एका महानगराच्या कुशीतल्या बिबट्यांचा तो पाया घातला तो एका विद्यार्थ्याने, शिकता शिकता.

शिकता शिकता मोठे काम करण्याची ही परंपरा मुंबईला नवी नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली इथेच स्थापन झाली. १९०८ च्या सुमारास एक शाळकरी मुलगा स्वतः मारलेली चिमणी घेऊन तिथे गेला. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता, तो का, एवढेच त्याला विचारायचे होते. संस्थेचे मानद सचिव मिलार्ड यांनी त्याला हाकलले नाही. कपाटाचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, पुढे ते ओळखायला आणि टिकवायला शिकण्याची वाट मोकळी केली. तो मुलगा म्हणजे सलीम अली. पण गोष्ट इथे संपत नाही. पुढे १९२६ साली त्यांना म्युझियममध्ये माहिती सांगणाऱ्याची नोकरी मिळाली. ती सोडून ते पक्षिशास्त्र शिकायला बर्लिनला स्ट्रेसेमान यांच्याकडे गेले आणि परत आले तर पैशांअभावी ती जागाच उरली नव्हती. बेकारीत ते अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले आणि घरासमोरच्या झाडावर सुगरणीची घरटी बघत बसले. सुगरण नराच्या संसाराचे त्यांनी तिथे केलेले निरीक्षण पक्षिशास्त्रात मोलाचे ठरले. किहीमला तेव्हा एखाद्या शेजाऱ्याने विचारले असते, ‘काय चाललंय?’ तर खरे उत्तर होते, ‘नोकरी नाही, झाडाकडे बघतोय.’

हे सगळे लिहायला निमित्त झाले आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या एका मुलीचे. झूलॉजी घेऊन बी.एस्सी. झाली आणि कोकणात समुद्री प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या एका गटाकडे तीन महिने जायचे म्हणून हटून बसली. एका संध्याकाळी बापलेक दोघे माझ्याकडे निवाड्याला आले, मागून आईही आली. बाप आणि लेक दोघेही मला काकाच म्हणतात, त्यामुळे पक्षपाताला जागा नव्हती.

‘काका, तुम्हीच सांगा हिला. पगार नाही, वर राहण्या-जेवणाचा खर्च आपला. ही नोकरी म्हणायची की तीर्थयात्रा?’

‘काका, आमचा दादा सीएच्या आर्टिकलशिपला दिवसभर राबतो, त्याला मिळतात किती? ते चालतं बाबांना.’

‘अगं, तो उद्या सीए होईल. तू काय होशील?’

मुलगी गप्प झाली. प्रश्न कडू होता, पण खोटा नव्हता. वन्यजीवशास्त्रातल्या जागा मोजक्या, पैसा बेताचा, प्रकल्प संपला की पुढच्याची वाट बघायची. हे लपवून मुलांना निसर्गाच्या गोड गोष्टी सांगणे मला पटत नाही. आईने इतक्या वेळात एकच विचारले, ‘नावेत लाइफ जॅकेट कोण देणार?’ मला वाटते, त्या संध्याकाळचा सर्वांत शहाणा प्रश्न तोच.

मग मी जुन्या सवयीने कागद घेतला. खोलीभाडे, खानावळ, एस.टी.चा प्रवास, औषधपाणी, अडीअडचण. तीन महिन्यांचा आकडा मांडला. शेजारी तिच्या धाकट्या भावाच्या बारावीच्या क्लासची फी लिहिली. ती तिप्पट निघाली. वडील कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘ठीक आहे. तीन महिने. पण रोज फोन.’

ती गेली. मी तिला निरंक हा शब्द दिला होता, तो तिने फारच मनावर घेतला. संध्याकाळी मोबाइलवर एका ओळीचा निरोप यायचा : ‘काका, आज निरंक. वारा जोराचा.’ ‘आज निरंक. उलट्या दोन.’ मग एखाद्या दिवशी : ‘गादे सहा, एक पिल्लू.’ तीन महिन्यांत तिला एकही देवमासा दिसला नाही. परत आल्यावर वडिलांनी विचारलेच, ‘मग मिळवलंस काय?’ तिने वही पुढे केली. पानेच्या पाने, बारीक अक्षर, एकही तारीख गाळलेली नाही. त्यांनी ती शेवटपर्यंत चाळली. तेही एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीचे काम करतात, वही कशी ठेवलेली आहे ते त्यांना कळते.

तिला आणखी एक गोष्ट कळली. समुद्र तिला सोसत नाही. नावेवरचे आयुष्य आपले नव्हे, हे तिने स्वतःच सांगितले. पण गावातल्या शाळेत मुलांना डॉल्फिन श्वास कसा घेतो हे सांगताना तास कधी संपला हे तिला कळले नव्हते. आता ती निसर्गशिक्षणाकडे वळते आहे. उमेदवारीत आपले काय हे जसे कळते तसे आपले काय नव्हे हेही कळते, आणि ते एकविसाव्या वर्षी तीन महिन्यांत कळणे हे एकेचाळिसाव्या वर्षी कळण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

निसर्गशिक्षण म्हणजे संशोधनात न जमलेल्यांची सोय, असा एक समज आहे. उपनगरांत राहणाऱ्याने तरी तो बाळगू नये. डिसेंबर २०१७ मध्ये अंधेरीच्या शेर-ए-पंजाब वसाहतीत बिबट्या एका बालवर्गाच्या जागेत शिरला. पुढच्याच महिन्यात आमच्या मुलुंडच्या नाणेपाड्यात आला आणि सहा जण जखमी झाले. अशा वेळी सगळे अवलंबून असते ते जमावावर. लोक शांत राहिले, वाट मोकळी ठेवली तर जनावराला बेशुद्ध करून नेता येते. आरडाओरडा झाला, घेरले, की ते अंगावर येते. बिबट्या पकडून दुसरीकडे सोडला म्हणजे प्रश्न सुटतो, असे आपल्याला वाटते. पण डॉ. विद्या अत्रेया यांनी जुन्नर भागात केलेल्या अभ्यासात दिसले ते उलटे. असे बिबटे नेऊन सोडल्यानंतर माणसांवरचे हल्ले वाढले. हे ज्ञान प्रबंधात राहिले असते तर आपल्याला त्याचा उपयोग शून्य. २०११ पासून वन खाते, संशोधक आणि नागरिक यांनी ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या मोहिमेतून ते सोसायट्यांत, पोलीस ठाण्यांत, पत्रकारांत नेले. कचरा उघड्यावर टाकू नका, कारण कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांवर बिबट्या. एवढे साधे वाक्य, पण ते घरोघर जाऊन सांगायला माणसे लागतात आणि ती बहुतेक तरुणच असतात.

समुद्राचेही तेच. २०१९ साली विद्याविहारला एका माणसाला सव्वा किलोवर अंबरग्रीससह पकडल्याची बातमी होती. अंबरग्रीस म्हणजे स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा पदार्थ. अत्तरासाठी त्याला सोन्याचा भाव येतो. आपल्याकडे वन्यजीव कायद्याने त्याचा व्यापार गुन्हा आहे, हे किती घरांत ठाऊक आहे? किनाऱ्यावर जिवंत डॉल्फिन लागला तर त्याला ओढत पाण्यात ढकलू नये, श्वासाच्या छिद्रात पाणी जाऊ देऊ नये, गर्दी हटवावी आणि वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, हे चौपाटीवर फिरायला जाणाऱ्या किती जणांना माहीत आहे? शिकवणारा नसेल तर जुहूला पुन्हा देवमासा येईल आणि पुन्हा आपण त्याच्याकडे पाठ करून उभे राहू.

आता थोडे अडचणीचे बोलतो. बिनपगारी उमेदवारी कुणाला परवडते? आमच्या सोसायटीतल्या मुलीचा खर्च तिच्या वडिलांनी केला. परदेशांतल्या देवमाशांच्या कित्येक प्रकल्पांत तर उमेदवारालाच पैसे भरावे लागतात, विमानाचे तिकीट वेगळे. पण आरे कॉलनीतल्या पाड्यावरच्या वारली मुलाचे काय? त्याच्या घरात वाघोबाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, बिबट्याचे पाऊल तो चालता चालता ओळखतो. वेसाव्याच्या किंवा मढच्या कोळीवाड्यातल्या मुलीचे काय? वारा फिरला की मासळी कुठे सरकते हे तिला वडिलांच्या बोलण्यातूनच कळलेले असते. अर्ज इंग्रजीत, मुलाखत इंग्रजीत, तीन महिने बिनपगारी. त्या दोघांसाठी दार बंद झाले. मग होते काय, पाहणारे डोळे एकीकडे राहतात आणि लिहिणारा हात दुसरीकडे. संशोधक त्याच पाड्यावरच्या माणसाला वाटाड्या म्हणून नेतो, पण वहीवर नाव मात्र संशोधकाचे.

वेगळी वाट निघू शकते, हे कोकणाने दाखवले आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळासला कासवांची घरटी राखायचे काम २००२ च्या सुमारास हाती घेतले आणि पुढे ते गावानेच आपले मानले. कासव महोत्सवाला लोक येतात ते गावकऱ्यांच्या घरी उतरतात, त्यांच्या हातचे जेवतात. २०१८ अखेरपासून राज्य सरकारने जाळ्यात सापडलेला संरक्षित प्राणी जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला भरपाई द्यायला सुरुवात केली, पंचवीस हजार रुपयांपर्यंत. सोडलेल्या प्राण्याचा फोटो त्यासाठी पाठवावा लागतो, म्हणजे नोंदही आपोआप होते. मच्छीमाराच्या श्रमाला किंमत मिळते, तशीच ती उमेदवाराच्या श्रमाला का मिळू नये? बँका, कंपन्या, रोटरी, गणेशोत्सव मंडळे शिष्यवृत्त्या देतातच. एका पाड्यावरच्या एका मुलाचा तीन महिन्यांचा खर्च म्हणजे मंडळाच्या एका कमानीचा खर्च. हिशेबी माणूस म्हणून सांगतो, हे कर्ज बुडणारे नाही.

ज्यांच्या घरात असा हट्ट चालू असेल त्यांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगाव्याशा वाटतात. जिथे पाठवायचे तिथे मार्गदर्शक कोण, त्यांचे आधीचे काम काय, हे विचारा. वन खात्याची परवानगी आहे का, हे विचारा. राष्ट्रीय उद्यानात त्याशिवाय संशोधन होत नाही. विमा, राहण्याची जागा, लाइफ जॅकेट यांची लेखी चौकशी करा. गोळा केलेल्या माहितीवर मुलाचे नाव येणार का, हेही विचारा. आणि कुणी प्राण्याला हात लावायला, कुरवाळायला, सोबत फोटो काढायला मिळेल असे आमिष दाखवले तर तिथून परत फिरा. खरा अभ्यासक आधी अंतर राखायला शिकवतो.

एकदम समुद्रावर किंवा जंगलात जायचीही गरज नाही. आपल्या उपनगरांतच पहिली इयत्ता आहे. सोसायटीच्या शताब्दीनिमित्त १९८३ मध्ये सरकारने गोरेगावला चित्रनगरीजवळ तिला ३३ एकर जमीन दिली. तिथे तिचे निसर्गशिक्षण केंद्र आहे. बोरिवलीच्या उद्यानात निसर्ग माहिती केंद्र आहे. वेसाव्याला सात बंगल्यांजवळ केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ पासून आहे; अंधेरीत जन्म काढलेल्या किती जणांनी तिची पाटी वाचली असेल? ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा गट २०१७ पासून ओहोटीच्या वेळी जुहूसारख्या किनाऱ्यांवर लोकांना घेऊन जातो आणि खडकांतले, वाळूतले जीव दाखवतो. ठाण्याच्या खाडीत रोहित येतात. २०२२ साली तिला रामसर यादीत आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून स्थान मिळाले. आमच्या मुलुंडहून ऐरोलीच्या पुलावर गेले की हिवाळ्यात ते खिडकीतून दिसतात. एका रविवारी मुलाला बरोबर घ्या, एक साधी वही द्या. काय दिसले ते लिहू दे. काही दिसले नाही तर तारीख घालून निरंक लिहू दे.

अशा नोंदी कुणाच्या उपयोगी पडतील, हे लिहिणाऱ्याला कधीच ठाऊक नसते. २०२१ च्या मार्चमध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका कासवीच्या परावर क्रमांक कोरलेली धातूची पट्टी बसवली गेली आणि तो क्रमांक वहीत लिहिला गेला. तसे हजारो क्रमांक तिथे लिहिले जातात, बहुतेकांचा पुढे पत्ता लागत नाही. २०२५ च्या जानेवारीत, जवळजवळ चार वर्षांनी, आपल्या गुहागरच्या वाळूत एक कासवी अंडी घालायला चढली. अंधारात कुणीतरी वाकून तिच्या परावरची पट्टी वाचली. बंगालच्या उपसागरातली कासवी सगळ्या भारताला वळसा घालून अरबी समुद्राच्या काठावर आली होती. असे होऊ शकते, हे तोवर कुणाला ठामपणे सांगता येत नव्हते. ओडिशातल्या त्या रात्री ज्याने क्रमांक लिहिला, त्याने अक्षर नीट काढले होते.